कोरे टी-शर्ट कुठले घ्यायचे? बेळगावात छोटा ब्रँड सुरू करतोय

तिसरं_गेट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी टिळकवाडीचा. उद्यमबागेत हायड्रॉलिकचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी बघतो. मामेभाऊ आणि मी मिळून टी-शर्टचा छोटा ब्रँड काढायचं चाललंय. मजकूर आपल्या बेळगावचाच: 'काय करालास बे', 'आधी कुंदा, मग बोल', 'गेट पडलंय, येतो' (रेल्वेचं गेट) असला. दहा-बारा डिझाइनं तयार आहेत. मित्रांना दाखवली तर हसून लोळले. भांडवल साठ हजार, त्यातले वीस घरचे (आईला अजून सांगितलेलं नाही).

अडलंय ते कोऱ्या टी-शर्टावर. इन्स्टावर जो तो सांगतो की २४० जीएसएमच्या (चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) खाली बघूच नका, ओव्हरसाइझच चालतंय. तिरुपूरहून तीन सॅम्पल मागवली. पहिलं '१८० बायोवॉश', १३५ रुपये. दुसरं पण '१८० बायोवॉश', १७८ रुपये. तिसरं '२४० लूपनिट (जाड विणीचं) ओव्हरसाइझ', २९० रुपये. पहिली दोन हातात घेऊन डोळे मिटले तर फरक कळत नाही. मग वरचे ४३ रुपये कशाचे?

पहिला लॉट चार रंग (काळा, पांढरा, भगवा, बॉटल ग्रीन), पाच साइझ आणि पाच डिझाइनं असा काढायचा विचार आहे. कोणी या धंद्यात असेल तर सांगा.

नुसताच_वाचक

तिरुपूरपर्यंत कशाला जाताय? इचलकरंजी इथे हाकेवर आहे. तिथून कापड उचला, शहापुरात टेलरकडून शिवून घ्या. सगळं घरच्या घरी.

खडेबाजार_काका

नुसताच वाचक, बाळा, इचलकरंजीचं कापड मागावरचं. ताणा-बाणा घालून विणलेलं. त्याचा शर्ट होतो, धोतर होतं, टी-शर्ट होत नाही. टी-शर्टचं कापड सुयांवर फास्यात फासा गुंफून होतं, स्वेटरसारखं. त्याला होजिअरी म्हणतात आणि तो माल तिरुपूरचा, नाहीतर लुधियानाचा. आपल्या वडगाव-खासबागेतले माग पण साडीचेच. आणि होजिअरी साध्या शिलाई मशीनवर शिवली तर डोक्यातून घालताना गळ्याचा दोरा कट्‌कन तुटतो. ताणली तरी न तुटणाऱ्या शिवणीची ओव्हरलॉक आणि फ्लॅटलॉक मशीनं लागतात.

आता धागाकर्त्याला. चार रंग गुणिले पाच साइझ गुणिले पाच डिझाइनं म्हणजे शंभर प्रकार झाले. प्रत्येकी दोन नग ठेवलेस तरी दोनशे नग, आणि गिऱ्हाईक येणार ते नेमकं 'काळा, एक्सएल, कुंदावाला आहे का' विचारत. तो संपलेला असणार आणि बॉटल ग्रीन स्मॉलचा ढीग पुढच्या दिवाळीला पण तिथेच असणार. तीस वर्षं गल्ल्यावर बसलोय. धंदा बुडतो तो न खपलेल्या साइझमध्ये.

दुसरं असं की हे घेणार कोण? कॉलेजची पोरं? पुण्या-बेंगळूरला नोकरीला गेलेले आपले लोक? का मंडळवाले? तिघांचा टी-शर्ट वेगळा.

तिसरं_गेट

काका, होजिअरीचं खरंच माहीत नव्हतं. शंभर प्रकारांचा हिशेब मी मांडलाच नव्हता, वाचून घाम फुटला.

घेणार कोण याचं उत्तर... तिघंही? 😅

खडेबाजार_काका

'तिघंही' म्हणणाऱ्याकडून कुणीच घेत नाही. झोपायच्या आधी विचार कर.

सुताचा_गुंता

मी चिकोडीकडचा. टेक्स्टाइलचा डिप्लोमा करून सहा वर्षं तिरुपुरात काढली, आता घरी ऊस बघतो. ४३ रुपयांचा हिशेब मांडतो. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

सुतापासून सुरू करू. काउंट म्हणजे सुताचा नंबर. तो जितका मोठा तितकं सूत बारीक. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटं वाटतं. ३० काउंटच्या सिंगल जर्सीचं (टी-शर्टचं नेहमीचं साधं कापड, बाजारात तिला सिंकर म्हणतात) वजन साधारण १४० ते १६० जीएसएम भरतं, २४ काउंटचं १८० च्या आसपास, २० काउंटचं २०० ते २२०. कुणी '३० काउंट, १८० जीएसएम' म्हणाला की समजायचं, दोन्हीतलं एक खोटं आहे.

मग कोम्ब्ड का कार्डेड ते विचारायचं. कोम्ब्ड म्हणजे कापूस विंचरून आखूड तंतू काढून टाकलेले. बराच कापूस त्यात बाजूला पडतो, म्हणून सूत महाग. कार्डेडमध्ये ते आखूड तंतू तसेच राहतात आणि चार धुण्यांत डोकं वर काढतात. कपड्याला लव येते, आणि ती छापलेल्या भागातून पण वर येते. चांगला काळा प्रिंट राखाडी दिसायला लागतो आणि आपण प्रिंटवाल्याला शिव्या घालतो. तो बिचारा निर्दोष असतो.

बायोवॉश म्हणजे एन्झाइमने वरची लव खाऊन टाकणे. खऱ्या बायोवॉशचा गुळगुळीतपणा टिकतो. पण तसाच मऊपणा सिलिकॉन सॉफ्टनरने चार पैशांत आणता येतो आणि तो थोड्या धुण्यांत निघून जातो. तू डोळे मिटून हात फिरवलास, तेव्हा तुझ्या बोटांनी बहुधा सॉफ्टनरच चाखला.

रंगाचं पण सांगून ठेवतो. २०११ साली मद्रास हायकोर्टाने तिरुपूरची डाइंग युनिटं बंद करायला लावली, नोय्यल नदी नासली होती म्हणून. नंतर ती सुरू झाली ती वापरलेल्या पाण्याचा थेंबही बाहेर न सोडायच्या अटीवर. पाणी शुद्ध करून परत वापरायचं, आणि तो खर्च मालावर चढतो. त्यात गडद रंगाला डाय जास्त, धुणं जास्त. पांढऱ्यापेक्षा काळा महाग पडतो तो असा. आणि पैसे वाचवायचे झाले की पहिली काटछाट या शेवटच्या धुण्यातच होते. रंग धरलेला नसतो, नुसता चिकटलेला असतो.

राहिलं शिवण. गळ्याच्या रिबमध्ये लायक्रा आहे का बघ. ताणून सोडला की जागेवर आला पाहिजे. आत एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत पट्टी हवी. बाजूची शिवण धुतल्यावर पोटावर फिरून येते का, हे तर बघच. सिंगल जर्सीला पिळायची खोडच असते, चांगल्या फिनिशिंगमध्ये ती कमी करतात.

हे सगळं विचारून कळणार नाही, 'हो सर, कोम्ब्ड सर' एवढंच ऐकू येईल. सॅम्पल कापायचं. १० बाय १० सेंटीमीटरचा तुकडा, बारीक काट्यावर वजन, ग्रॅमला शंभरने गुणलं की जीएसएम. मग उरलेलं तीनदा धुवायचं.

आणि एक राग मानू नको. कारखान्यात आलेली बॅच तू मायक्रोमीटर न लावता आत घेतोस का? मग इथे लेबल वाचून गप्प कसा बसलास?

तिसरं_गेट

राग कसला, लागलं ते बरोबर जागी लागलं. आमच्याकडे दहा मायक्रॉन इकडेतिकडे झाले तर मी अख्खी बॅच अडवतो. या रविवारी कापतो.

मंडळाचा_खजिनदार

ब्रँडबिंड मला कळत नाही. पण टी-शर्ट दरवर्षी घेतो. वैशाखातली शिवजयंती, मग गणपती, मग नवरात्रातली दौड. गेल्या वर्षी ११० भगवे घेतले, स्वस्तात. चित्ररथाच्या मिरवणुकीला वळवाचा पाऊस आला की ओ. पोरांच्या पांढऱ्या विजारी गुडघ्यापर्यंत केशरी! पैसे दिले पोरांनी, शिव्या खाल्ल्या मी. अजून एक जण भेटला की विजार वर करून दाखवतो.

आणि ते २४० चं इन्स्टावाल्यांनाच दे. वैशाखात २४० चा घालून रात्रभर ढोल वाजवून दाखव म्हणावं एकदा.

साइझचं पण सांगतो. यादी फिरवली की सगळे 'एल' लिहितात. पोट सुटलेला पण एल, काडीपैलवान पण एल. खरे पैलवान तालमीत चौघं हायत, त्यांच्या मानेतून एल जातच नाही. छाती बसते, खांदे अडकतात. चार थ्री-एक्सएल लागतातच, आणि ते कुणी वेळेवर देत नाही.

सुताचा_गुंता

खजिनदार, तुमच्या विजारींचं कारण वर लिहिलंय तेच, शेवटचं धुणं मारलं. पुढच्या वेळी पांढरा सुती रुमाल ओला करून आतल्या बाजूवर जोर देऊन दहा वेळा घासा. मग ओल्या टी-शर्टात तो गुंडाळून रात्रभर ठेवा. भगवा, लाल, मरून यांना तर सक्तीने.

भगवा पीसी, म्हणजे पॉलिस्टर-कॉटन असेल तर वेगळीच तऱ्हा. प्रेसच्या उष्णतेने पॉलिस्टरचा रंग वर सुटतो आणि पांढरी अक्षरं दोन दिवसांनी गुलाबी होतात. प्रिंटवाला म्हणतो मी पांढरंच छापलं होतं, आणि ते खरं असतं. शंका असली तर कडेचे चार धागे काढून जाळा. कापूस कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

क्रिकेट-कबड्डीवाल्यांना मात्र पॉलिस्टरच लागतं. घामाने भिजलेला सुती टी-शर्ट अंगाला चिकटतो. तिथे सब्लिमेशन (उष्णतेने शाई पॉलिस्टरमध्येच उतरवणं), आणि ते सुतीवर बसत नाही. धागाकर्त्याने त्या वाटेला आत्ता जाऊच नये.

खानापूरची_मुक्ता

मी खानापुरात घरी डीटीएफ करतो, म्हणजे डिझाइन फिल्मवर छापून गरम प्रेसने कापडावर दाबतो. (हो, बाईच आहे. आमच्याकडे बायका 'करतो' म्हणतात, पुण्यावाल्यांनी सवय करून घ्यावी.)

तिसरं गेट, छापून ठेवूच नको! कोरा माल ठेव आणि डिझाइनं फिल्मवर छापून ठेव. ऑर्डर आली की त्या साइझवर दाबायचं. १५० ते १६० डिग्रीला दहा-पंधरा सेकंद, झालं. म्हणजे काकांचे शंभर प्रकार राहत नाहीत. दोन रंग, चार साइझ, फक्त आठ गठ्ठे. कुठलं डिझाइन चालतंय ते बघून तेवढीच फिल्म परत काढायची. एकाच डिझाइनचे शंभरावर नग जायला लागले की स्क्रीन प्रिंटकडे जा, तिथे नगाला स्वस्त पडतं आणि हाताला पण चांगलं लागतं.

डीटीएफला कापड फार पातळ नको. १४० वर छातीभर चौकोनी प्रिंट मारला की प्लास्टिकची पाटी लटकवल्यासारखं दिसतं आणि कडेने कापड गोळा होतं. अक्षरं सुटी-सुटी, मधे कापड दिसेल अशी ठेव. तुझा मजकूर अक्षरांचाच आहे, बरंच आहे.

आता अक्षरांवरून. फाइल देताना अक्षरांचे कर्व्ह (फॉन्ट लागणार नाही असे नुसते आकार) करून दे, नाहीतर फॉन्ट माझ्याकडे नसला की वेलांट्या उड्या मारतात. एका मंडळाने रात्री अकराला फाइल पाठवली, सकाळी न्यायची होती. मी पण झोपेत. 'शिवजयंती'ची पहिली वेलांटी श सोडून व च्या पुढे जाऊन बसलेली, २५ नगांवर. ते नग मी अजून फडकं म्हणून वापरतो.

पावसाळ्यात आमच्याकडे कणकुंबीच्या बाजूला चार-चार दिवस ऊन नसतं. डीटीएफची चिकटवायची पावडर ओल धरते, गठ्ठे होतात. कोरा माल पण जमिनीवर ठेवू नको, भिंतीला टेकवू नको. पांढऱ्यावर बुरशीचे काळे ठिपके पडले की जात नाहीत.

आणि ताईलोकांना विसरू नका रे. 'युनिसेक्स' म्हणजे पुरुषांचाच, नाव बदललेला. खांदे उतरतात, गळा मोठा होतो, आणि लांबी गुडघ्याकडे निघते. एक एस साइझ तरी ठेव.

अवांतर_आजोबा

'आधी कुंदा, मग बोल' वर मांडेवाल्यांचा आक्षेप नोंदवून घ्यावा.

हिशेबनीस

कापडातलं कळत नाही, कागदातलं सांगतो. टी-शर्टचा एचएसएन, म्हणजे करासाठीचा मालाचा कोड, ६१०९. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाची किंमत २,५०० पर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, वर १८ टक्के. आधी १,००० च्या वर १२ लागायचा, ते जुने कोष्टक अजून व्हॉट्सअॅपवर फिरतंय, त्यावर जाऊ नका.

आता सीमेची गंमत. नुसता माल विकणाऱ्याला कर्नाटकात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. हे ऐकून सगळे निवांत होतात. पण राज्याबाहेर माल पाठवला की पहिल्या नगापासून नोंदणी लागते. बेंगळूरला पाचशे किलोमीटर पाठवा, राज्यातलाच व्यवहार. शिनोळीच्या मित्राला कुरिअर केलंत, घरापासून अर्ध्या तासावर, तर तो आंतरराज्य, कारण शिनोळी चंदगड तालुक्यात, महाराष्ट्रात. त्याने दुकानात येऊन रोखीने नेला तर प्रश्न नाही. बेळगावातल्या माणसाचं अर्धं गणगोत कोल्हापूर-गडहिंग्लज-चंदगडला, म्हणजे तुमची पहिली दहा गिऱ्हाइकंच पलीकडची निघणार. पुण्याची पोरं धरलीत तर विचारूच नका.

कोणी सांगेल की कंपोझिशन (छोट्या धंद्याची सोपी कर-योजना) घ्या, एक टक्का भरा आणि मोकळे व्हा. कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर विकता येत नाही. सरळ नियमित नोंदणी घ्या, तिरुपूरच्या खरेदीवर भरलेला ५ टक्के निदान वजा मिळेल. पन्नास हजारांच्या वर माल मागवलात तर ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना) आहे का बघा, नाहीतर गाडी वाटेत अडते.

नावाचा ट्रेडमार्क वर्ग २५ मध्ये. ऑनलाइन, एका माणसाच्या नावाने ४,५०० रुपये फी. आधी शोधून घ्या ते नाव कुणाचं आहे का. आणि पुरवठादाराला मानेवरचं लेबल न लावता माल द्यायला सांगा. स्वतःचं लेबल लावताना एमआरपी, साइझ, पत्ता आणि तक्रारीचा नंबर कुठेतरी यायला हवा.

निपाणीकर

महाराजांचं चित्र किंवा राजमुद्रा असलेलं एखादं डिझाइन ठेवा, डोळे मिटून खपतं.

खडेबाजार_काका

खपतं हे खरं. पण तोच टी-शर्ट पुढच्या वर्षी गाडी पुसायला निघतो, तेव्हा बघवत नाही. माझ्या दुकानात ठेवत नाही मी.

मंडळाचा_खजिनदार

काकांना अनुमोदन. आमच्याकडे मंडळाचं नाव पाठीवर, छातीवर छोटा भगवा झेंडा. बास.

तिसरं_गेट

आमच्या डिझाइनात महाराज नाहीत, राजकारण पण नाही. गेट, कुंदा आणि शिव्यांच्या अलीकडचं सगळं.

तिसरं_गेट

(नऊ दिवसांनी)

कापले. आईने बघितलं. नव्या कोऱ्या टी-शर्टाला कात्री लावताना बघून विचारलं, मग सगळंच सांगावं लागलं. ते प्रकरण वेगळं.

कारखान्यातल्या भंगारातून १०० मिलिमीटरची चौकोनी पट्टी घासून घेतली, तिच्या कडेने ब्लेड फिरवलं. वजनाला शहापुरात ओळखीच्या सोनारकाकांकडे गेलो. त्यांनी चष्म्यावरून बघून विचारलं, 'हे काय, चिंध्या गहाण ठेवायच्यात?' समजावल्यावर मात्र तेच रंगात आले, प्रत्येक तुकडा दोनदा ठेवून बघितला.

१३५ वाला, लेबल १८०: १.५२ ग्रॅम. म्हणजे १५२.
१७८ वाला, लेबल १८०: १.७६. म्हणजे १७६.
२९० वाला, लेबल २४०: २.३१. म्हणजे २३१.

मग धुणं. धुवायच्या आधी बॉलपेनने २५ सेंटीमीटरवर खुणा केल्या होत्या. तीन धुण्यांनंतर १३५ वाल्याची लांबी २३.७ झाली, पाच टक्क्यांच्या वर आटला. १७८ वाला २४.४, लूपनिट २४.२. १३५ वाल्याची बाजूची शिवण खाली घेराजवळ चार सेंटीमीटर पुढे आली, अंगात घातला तर कुणीतरी धरून पिळल्यासारखं वाटतं. आणि आता डोळे मिटून हात फिरवला की आईलासुद्धा फरक कळतो.

त्या पुरवठादाराला फोन केला. 'सर, १८० आफ्टर वॉश होता है.' धुतलेला तुकडा परत सोनाराकडे नेला, १.६१. धुतल्यावर वजन वाढलं कसं पण?

सुताचा_गुंता

वा! सोनाराचा काटा ही कल्पना तिरुपुरात कुणाला सुचली नसती.

वजन वाढलं नाही, कापड आटलं. तेवढंच सूत कमी जागेत आलं, म्हणून दर चौरस मीटरला जास्त भरलं. यावरच ते 'आफ्टर वॉश'चं पांघरूण घेतात. सौदा करताना लिहून घ्यायचं की जीएसएम न धुतलेल्या तयार नगाचा. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, त्या हिशेबाने तुझे दुसरा आणि तिसरा पास, पहिला सरळ नापास.

दोन सूचना. एकाच ठिकाणचा तुकडा घेऊ नको, पोट, पाठ, बाही असे तीन-चार घेऊन सरासरी काढ. आणि कापूस हवेतली ओल पितो. आत्ता कोरडी हवा आहे म्हणून ठीक. आषाढात मोजलास तर हाच १७६ वाला जास्त भरेल आणि तू खूश होशील. मोजायच्या आधी तिन्ही सॅम्पल एकाच खोलीत दिवसभर पसरून ठेवत जा, म्हणजे निदान आपापसांत तुलना खरी होते.

लॉट आला की सगळे कापता येणार नाहीत. एक न कापलेलं एल सॅम्पल जपून ठेव, त्याचं पूर्ण वजन घे, आणि लॉटमधले दहा एल त्याच्याशी ताडून बघ.

खडेबाजार_काका

आणि गिऱ्हाइकाचं काय ठरलं?

तिसरं_गेट

ठरलं काका. गाव सोडून गेलेले आमच्या वयाचे लोक. त्यांना 'काय करालास' वाचून घरची आठवण येते. इथे गल्लीत राहणाऱ्याला त्यात काय मोठंसं? तो रोजच ऐकतो. म्हणजे हिशेबनीस म्हणाले तेच, नोंदणी घ्यावी लागली. घेतली.

खडेबाजार_काका

आता बोललास.

खानापूरची_मुक्ता

२४० सोडलंस का मग?

तिसरं_गेट

सध्या सोडलं. कापड वाईट नाही, तिन्हीत अंगावर सगळ्यात छान तेच बसतं. पण २९० चा नग, वर प्रिंट, लेबल, पिशवी आणि कुरिअर धरून साडेसहाशेच्या खाली विकता येत नाही. अनोळखी नावाला पहिल्यांदा एवढे कोण देणार? पुण्याच्या मित्राला विचारलं, तो म्हणाला, 'चारशेपर्यंत तुझ्यासाठी घेईन, सहाशेला दुसऱ्या कुणाचा तरी घेईन.'

तिसरं_गेट

(पाच आठवड्यांनी)

आता जमाखर्च. १७८ वाल्याचे ९६ नग मागवले. काळा आणि पांढरा, एम ते डबल-एक्सएल, आणि मुक्ताताईंच्या धाकाने थोडे एस. कर धरून १७,९४२ पडले, ट्रान्सपोर्ट वेगळं. न कापलेला एल १८४ ग्रॅम होता, लॉटमधले दहा एल १८० ते १८७ भरले. हे जमलं.

जमलं नाही ते काळ्या एक्सएलमध्ये. सहा नग वेगळ्या डाय लॉटचे, म्हणजे वेगळ्या वेळी रंगवलेले निघाले. ट्यूबलाइटखाली सारखे, गच्चीवर उन्हात धरले तर बाकीचे काळे आणि हे विटकरी काळे. पुरवठादार म्हणतो काळा तो काळाच. बाजूला ठेवलेत, त्यावर पांढरं काही छापून मामेभावाचे मित्र घालतील. पुढच्या ऑर्डरला 'एकच डाय लॉट' असं लिहून घेणार.

प्रिंट मुक्ताताईंकडे. त्यांनी फाइल उघडून पहिल्यांदा वेलांट्या मोजल्या. ४१ गेले आत्तापर्यंत, ४४९ ला. सगळ्यात जास्त 'गेट पडलंय, येतो', मला वाटलं होतं 'काय करालास' जाईल. त्यातले २७ महाराष्ट्रात गेले, पाच गोव्यात. एस सगळे संपले आणि डबल-एक्सएल एकही हललेला नाही. काका, हसू नका.

खडेबाजार_काका

हसत नाही. डबल-एक्सएल खजिनदाराच्या गळ्यात मार.

मंडळाचा_खजिनदार

मारू दे की. पण मला भगवे पाहिजेत, सत्तर. शिवजयंतीच्या आधी आठ दिवस हातात. आणि रंग गेला तर यंदाच्या सगळ्या विजारी तुझ्या दारात आणून टाकणार.

तिसरं_गेट

खजिनदार, भगव्याचं पहिलं सॅम्पल नापास केलं. रुमाल दहा वेळा घासला आणि हळदीत बुडवल्यासारखा निघाला. दुसऱ्या ठिकाणचं काल आलं. शंभर टक्के कॉटन म्हणतात. धागा जाळला, राख झाली. वजन १.७८. घासल्यावर रुमालाला अगदी फिकट डाग आला, पण तेवढ्यावर हो म्हणणार नाही. थ्री-एक्सएल त्याच डाय लॉटमध्ये देतो म्हणालेत, ते लिहून मागितलंय.

आत्ता ओल्या टी-शर्टात पांढरा रुमाल गुंडाळून मोरीत ठेवलाय, आईने हलवू नये म्हणून वर चिठ्ठी लावून. सकाळी सांगतो.